हिवाळ्यात हिमालयात बर्फ कधी, कुठे आणि किती खात्रीचा?

प्रश्न थोडक्यात असा: 24 ते 31 डिसेंबर मुलांना सुट्टी आहे, घरातली पाच माणसं, त्यात 68 वर्षांची आई. शिमला-मनाली की काश्मीर, हे ठरत नाही. बर्फ पडताना बघायचाय, मुलांना त्यात मनसोक्त खेळायचंय आणि रस्त्यात कुठे अडकायचं नाही.

हिवाळ्यात गट घेऊन वर जाणं हेच माझं काम असल्यामुळे नोव्हेंबर लागला की हा प्रश्न मला जवळपास रोज कुणीतरी विचारतं. आधीच सांगून टाकतो, तुमच्या तीन इच्छांपैकी पहिली आणि तिसरी एकमेकींच्या मुळावर उठणाऱ्या आहेत. जो बर्फ तुम्हाला खिडकीतून पडताना दिसतो तोच रस्ता बंद करतो. पडलेला बर्फ बघायला मिळणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे, कारण तो उंचीवर अवलंबून असतो आणि उंची तुम्ही निवडू शकता. पडणारा बर्फ तुमच्या हातात नाही. तो मिळाला तर बोनस समजायचा आणि त्यासाठी बेतात दोन दिवस मोकळे ठेवायचे.

हे असं का, ते कळायला हिवाळ्यातला पाऊस-बर्फ येतो कुठून ते बघावं लागेल. आपल्याकडच्या पावसाळ्याशी त्याचा संबंध नाही. भूमध्य समुद्राच्या आसपास तयार होणारे कमी दाबाचे पट्टे वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे सरकत हिमालयावर येऊन आदळतात. हेच पश्चिमी झंझावात, वेस्टर्न डिस्टर्बन्स. वाटेत कॅस्पियन समुद्राकडून आणि कधी अरबी समुद्राकडूनही त्यांना बाष्प मिळतं. भर हिवाळ्यात महिन्याला असे साधारण चार ते सहा येतात, पण सगळे दमदार नसतात. अनेक नुसते ढग दाखवून निघून जातात. दुबळा झंझावात काश्मीर, लडाख आणि हिमाचलच्या वरच्या भागावरून सरकतो, खाली शिमल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अरबी समुद्रातलं बाष्प ओढून घेणारा जोरकस झंझावात मात्र शिमला, मसुरी, औलीपर्यंत सगळ्यांना झोडपतो. म्हणून वायव्येकडून आग्नेयेकडे, म्हणजे काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड या क्रमाने जाल तशी त्याच उंचीवर बर्फाची खात्री कमी होत जाते.

आता डिसेंबरबद्दल. ख्रिसमसला हिमालय पांढराशुभ्र असणार अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात अडीच हजार मीटरच्या खालच्या गावांसाठी डिसेंबर बेभरवशाचा आहे. जोरदार झंझावात बहुतेक वेळा जानेवारी-फेब्रुवारीत येतात. काश्मीर खोऱ्यात तर मार्चही चांगला ओला असतो, श्रीनगरचा सर्वांत जास्त पावसाचा महिना मार्चच आहे. बर्फाचा थर साठत साठत वाढतो, त्यामुळे गुलमर्गला सगळ्यात जाड थर फेब्रुवारीत आणि मार्चच्या सुरुवातीला मिळण्याची शक्यता जास्त. डिसेंबरच्या शेवटी जे असतं ती नुसती सुरुवात.

आणि थंडी पडली म्हणजे बर्फ पडणार हा दुसरा गैरसमज. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्ला-ए-कलान सुरू होतो, कडाक्याच्या थंडीचा काळ. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्ला-ए-खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा. डिसेंबर 2024 चं उदाहरण घ्या. त्या वर्षी चिल्ला-ए-कलान सुरू होताना श्रीनगरचा पारा उणे 8.5 अंशांवर गेला, पन्नास वर्षांत डिसेंबरमध्ये एवढी थंड रात्र नव्हती. आकाश मात्र निरभ्र होतं. ढग नसले की जमिनीची ऊब रात्रभर वर निसटते आणि जड, गार हवा खोऱ्याच्या तळाशी साचते. अशा रात्री कधीकधी श्रीनगरचा पारा उंचावरच्या गुलमर्गच्याही खाली असतो. बर्फ आला तो नंतर, 27 आणि 28 तारखेला, आणि आला तो विमानतळ, महामार्ग, रेल्वे सगळं ठप्प करून. त्याच सुमारास मनालीजवळ सोलंगला हजारो पर्यटक गाड्यांसकट अडकले आणि पोलिसांना त्यांना बाहेर काढावं लागलं. तुमच्या सुट्टीच्या नेमक्या तारखा आहेत या.

याच्या उलटंही होतं. जानेवारी 2024 च्या मध्यावर गुलमर्गचे उतार तपकिरी दिसत होते, घोडेवाले आणि स्लेजवाले रिकामे बसून होते. बर्फ आला तो महिना संपता संपता. 2025 मध्ये गुलमर्गला फेब्रुवारीत व्हायच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. म्हणजे ‘अमुक महिन्यात गेलो की नक्की’ असं छातीठोक सांगणारा टूरवाला भेटला तर त्याच्याकडून बुकिंग करण्याआधी दोनदा विचार करा.

मग भरवसा कशावर ठेवायचा? उंचीवर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. मनाली साधारण 2,050 मीटरवर आहे. तिथे ढगाळ दुपारी 5 अंश असतील तर सोलंगला, 2,500 मीटरच्या आसपास, 2 अंश भरतील आणि अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सूला, 3,100 मीटरवर, उणे 2. एकाच ढगातून मनालीच्या मॉल रोडवर पाऊस, सोलंगला भिजका बर्फ आणि सिस्सूला कोरडा भुरभुरीत बर्फ पडताना मी पाहिलाय. भिजका बर्फ फोटोत छान दिसतो, पण दहा मिनिटांत हातमोजे चिंब करतो आणि मुलं रडायला लागतात. खेळायला कोरडाच बरा, फक्त त्याचे गोळे वळत नाहीत एवढीच मुलांची तक्रार असते.

शिमला 2,200 मीटरवर आहे, म्हणजे अगदी काठावर. तिथे बर्फ पडतो, पण दोन-चार दिवसांत उन्हाच्या बाजूचा वितळून जातो. कुफरी आणि नारकंडा पाचशे मीटर वर आहेत, तिथे जास्त टिकतो. मसुरी, नैनीताल या दोन हजार मीटरच्या गावांना अख्ख्या मोसमात मोजके दिवस बर्फ दिसतो, त्यासाठी मुद्दाम तिकीट काढू नये. औली उंचीने चांगली, 2,500 ते 3,000 मीटर, पण उत्तराखंडात असल्यामुळे कोरड्या वर्षी तिची फार पंचाईत होते. जोशीमठला जमीन खचली तेव्हा, 2023 च्या जानेवारीत, तिथला रोपवेही बंद झाला. औलीचा बेत रस्त्याने जायचं धरूनच करा.

लेहचा मोह अनेकांना होतो. साडेतीन हजार मीटरवर आहे, मग बर्फ भरपूर असेल! तसं नाही. झंझावात पीर पंजालची डोंगररांग आणि मुख्य हिमालय ओलांडून तिथे पोचेपर्यंत त्यातलं बाष्प संपत आलेलं असतं. लेह हे थंड वाळवंट आहे. जानेवारीत रात्री उणे पंधरा-वीसपर्यंत जाईल, नदी गोठेल, पण गावात बर्फ विरळच. वयस्क माणसांना घेऊन हिवाळ्यात थेट विमानाने लेह मी कुणालाच सुचवत नाही. सिक्कीम वेगळं प्रकरण आहे. तिथे नथुला खिंड आणि छांगू सरोवराच्या उंचीवर बर्फ मिळतो, गंगटोकला नाही, आणि फेब्रुवारी-मार्च डिसेंबरपेक्षा सरस. पण हे रस्ते अचानक बंद पडतात. 28 डिसेंबर 2018 ला नथुलाहून परतणारे अडीच हजारांवर पर्यटक बर्फात अडकले होते, त्यांना लष्कराने आपल्या तळावर आसरा दिला.

आता जी गोष्ट पुस्तकात सापडत नाही पण जिच्यावर अख्खी सहल ठरते, ती म्हणजे एका झंझावाताचा येण्या-जाण्याचा क्रम. हा एकदा डोक्यात बसला की तुम्ही तिथे गेल्यावर स्वतःच अंदाज बांधू लागाल.

येण्याच्या आदल्या दिवशी आकाशात खूप उंचावर पिसांसारखे पांढरे ढग पश्चिमेकडून पसरतात. सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती खळं दिसतं. मग ढगांची चादर दाट होत जाते आणि त्या रात्री थंडी उलट कमी वाटते. नवखी माणसं म्हणतात, ‘बरं झालं, आज ऊब आहे.’ हॉटेलातला पोऱ्या मात्र लाकडं आत आणून ठेवत असतो. सुरुवातीला बहुतेक वेळा फुलं पडत नाहीत, साबुदाण्याएवढे टणक दाणे जॅकेटवर टपटप वाजतात. हळूहळू आवाज थांबतो. मान वर करून दिव्याकडे बघितलं की कळतं, आता मोठाले पापुद्रे उतरताहेत. इथून पुढे बारा तास की छत्तीस, ते झंझावाताच्या जोरावर.

या काळात हॉटेलातून हलायचं नाही. वीज जाते, रोपवे बंद असतो, नळ गोठतात, आणि हीच तुमची ‘बर्फ पडताना बघायची’ वेळ. अंगणात उतरा, खेळा, आत येऊन शेकत बसा. गाडी काढून ‘जरा वर जाऊन येऊ’ म्हणणारे लोकच बातम्यांत दिसतात.

झंझावात सरकला की पहिल्या दिवशी रस्ते साफ होत असतात, आकाश लख्ख निळं होतं आणि रात्री पारा कोसळतो. दुसरा दिवस सोन्यासारखा. ऊन, झाडांवर बर्फ, वारा पडलेला, लिफ्ट चालू. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वरचा थर दिवसा वितळून रात्री गोठत जातो, सकाळी पायाखाली काच फुटल्यासारखा आवाज येतो आणि घसरून मनगटं मोडण्याचं प्रमाण वाढतं. सहलीची खरी वेळ म्हणजे दोन झंझावातांमधली ही उघडीप. सहा रात्रींपैकी बराचसा मुक्काम एकाच उंच ठिकाणी ठेवलात तर एखादी उघडीप बहुधा पदरात पडते. रोज गाव बदलणारी यादी घेतलीत तर ती नेमकी तुमच्या प्रवासाच्या दिवशी येते!

रस्त्यांबद्दल जरा सावकाश सांगतो, कारण अपघात बर्फात कमी आणि बर्फ ‘गेल्यावर’ जास्त होतात. दुपारी उन्हाने वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं. चारनंतर सूर्य डोंगराआड गेला की सावलीतल्या वळणांवर त्याचा पातळ, पारदर्शक थर जमतो. खालचा डांबर काळाच दिसतो, ओला रस्ता आहे असं वाटतं, आणि ब्रेक दाबला की गाडी तशीच पुढे सरकते. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवरच्या वळणांना तर दिवसभर ऊन लागत नाही, तिथे हा थर दहा वाजताही असतो. म्हणून नियम सोपा ठेवा: सकाळी नऊ-दहाच्या आधी निघायचं नाही आणि दिवे लागायच्या आत मुक्कामी. स्थानिक ड्रायव्हर आणि चाकांना बांधायच्या साखळ्या असलेली गाडी घ्या. मनालीहून स्वतःची गाडी सोलंगच्या पुढे न्यायचा हट्ट धरू नका, बर्फ पडल्यावर पोलीस तशीही फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) नसलेली आणि साखळ्या न बांधलेली गाडी अडवतात. रोहतांग खिंड, 3,978 मीटर, हिवाळ्यात बंदच असते. ‘रोहतांग करवतो’ असं डिसेंबरात कुणी म्हणालं तर तो तुम्हाला अटल बोगद्याच्या पलीकडे नेणार आहे. वाईट नाही ते, फक्त नाव चुकीचं.

कधी गाडीत अडकलातच तर एक गोष्ट जिवावर बेतू शकते. ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवलं आणि मागचा सायलेन्सर बर्फात गाडला गेला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी गाड्यांत अडकलेले वीसहून अधिक लोक दगावले, त्यांतले बरेच असेच. सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढत राहा, इंजिन थोडा वेळच चालवा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा.

हिमस्खलनाचा धोका ताज्या बर्फवृष्टीत आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असतो. नेमलेल्या उतारावर खेळणाऱ्या कुटुंबाला सहसा भीती नाही, पण दोरी ओलांडून ‘तिकडे कुणी गेलेलं नाही, फोटो भारी येईल’ म्हणून जाऊ नका. वसंताच्या उन्हातही उतार निसटतात. 4 एप्रिल 2023 ला नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक हिमस्खलनात गेले, तेही परवानगीच्या हद्दीपुढे गेले असताना. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचा इशारा काढते, तो वर्तमानपत्रांत आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचनांत येतो. इशारा असेल त्या दिवशी उंचावर जाऊ नका, मग आकाश कितीही निळं असो.

हवामानाचा अंदाज कसा वाचायचा? पंधरा दिवस आधी मोबाइलवर दिसणारं बर्फाचं चित्र बघून खूश होऊ नका, त्याला अर्थ नाही. पाच-सहा दिवस आधी भारतीय हवामान विभाग ‘नवा पश्चिमी झंझावात अमुक तारखेपासून’ असं सांगतो, ते बऱ्यापैकी जुळतं. तीन दिवस आधी जिल्हावार पिवळा, नारिंगी, लाल इशारा बघा. नारिंगी असेल तर त्या दिवशीचा प्रवास आदल्या दिवशी उरका किंवा रद्द करा. मोबाइल अॅपमध्ये आणखी एक फसगत होते: तुम्ही ‘मनाली’ टाकता आणि ते खोऱ्यातल्या गावाचा अंदाज देतं, तुम्ही जाणार असता हजार मीटर वर. अॅप उंची दाखवत असेल तर ती आधी तपासा, नाहीतर वर सांगितलेला साडेसहा अंशांचा हिशोब स्वतः करा.

बर्फाइतकाच दगा धुकं देतं, आणि ते डोंगरात नाही, खाली मैदानात. झंझावात ओलावा सोडून पुढे गेला आणि वारा पडला की पंजाब, हरियाणा, दिल्लीवर डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत दाट धुकं बसतं, पहाटे सर्वांत घट्ट. दिल्लीत सकाळचं विमान बदलून पुढे जायचं असेल तर मधे भरपूर वेळ ठेवा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे चुकलं तर जबाबदारी कंपनीची.

कपड्यांवर फार लिहीत नाही, ते सगळे लिहितात. फक्त डोळे विसरू नका. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो आणि उंचीवर अतिनील किरणंही जास्त. लहान मुलांना चांगले काळे चष्मे घ्या, फॅन्सी स्टॉलवरचे नकोत. आणि भाड्याने मिळणारे गमबूट आतून ओले असतात, पाय घालायच्या आधी हात घालून बघा.

आता तुमच्या बेताकडे. तारखा हलवता येत असतील तर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य घ्या. बर्फाची शक्यता वाढते, ख्रिसमस-नवीन वर्षाची गर्दी नसते, मनालीच्या पुलावर तीन तास गाडीत बसावं लागत नाही.

सुट्टीच डिसेंबरात असेल तर मी शिमला-मनाली सोडून काश्मीर घेईन. कारण एकच, उंची चटकन वाढवता येते. गुलमर्ग मुळात 2,650 मीटरवर, गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदूरीला सुमारे 3,080 मीटरवर नेतो. खाली कोरडं असलं तरी तिथे थोडाफार बर्फ मिळण्याची आशा जास्त. दुसरा टप्पा अफरवटला 3,950 मीटरच्या आसपास जातो, तिथे बर्फ जवळपास नक्की, पण वारा असला की तो बंद करतात. आईंना पहिल्या टप्प्यापुढे नेऊ नका, विरळ हवा आणि वारा दोन्ही सोसत नाहीत. त्यांना रक्तदाबाची वा दम्याची औषधं असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना उंची सांगून विचारा. सोनमर्ग हा दुसरा पर्याय. 13 जानेवारी 2025 ला सुमारे साडेसहा किलोमीटरचा झेड-मोड बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही तिथे जाता येतं.

सहा रात्रींत श्रीनगर एक, गुलमर्ग तीन, परत श्रीनगर दोन. पहलगाम या वेळी सोडा. श्रीनगरच्या शेवटच्या दोन रात्री म्हणजेच तुमचे मोकळे दिवस. गुलमर्गला अडकलात तर त्यातली एक तिथे खर्च करा आणि हॉटेलला हे आधीच विचारून ठेवा की जास्तीची रात्र लागली तर खोली मिळेल का. शेकोटी, गरम पाणी आणि वीज गेल्यावर जनरेटर किती तास चालतो, हेही बुकिंगच्या आधी विचारायचं, नंतर नाही. जम्मूचा महामार्ग रामबनजवळ दरड कोसळून वरचेवर बंद होतो, त्यावर भिस्त नको. जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर थेट रेल्वे आहे, विमानं रद्द झाली तर तो मार्ग ध्यानात असू द्या. श्रीनगरहून परतीचं विमान दुपारचं घ्या, सकाळी तिथेही धुकं असतं. मुंबई किंवा पुण्याला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी कामावर किंवा शाळेत हजर राहायचं असेल तर परतीची तारीख 31 ऐवजी 30 करा.